उन्हाळी सुट्टीत कुटुंबासह सहलीला निघताय? पाणी, ऊन आणि डबा, या तीन गोष्टी आधी बघा

परीक्षा संपल्या, मामाच्या गावाला भाचे आले, की घराघरात 'एक दिवस कुठंतरी जाऊ या' असा विषय निघतोच. कुणी कुलदैवताला जातं, कुणी धरणाच्या कडेला, तर कुणी नदीकाठच्या आमराईत डबा खायला. खर्च कमी आणि मुलं खूश. मात्र मुलं शेततळ्यात, कालव्यात बुडाल्याच्या बातम्याही याच दिवसांत येतात. थोडी तयारी केली तर सहल आनंदात पार पडते.

निघायचं कधी, जायचं कसं

पहाटे निघा आणि 11 च्या आत सावलीच्या ठिकाणी पोहोचा. दुपारी 12 ते 3 उन्हात फिरू नका. परतीला चार वाजल्यानंतर निघालेलं बरं. जागा निवडताना दाट सावली, पिण्याचं पाणी आणि मोबाइलला रेंज आहे का, ते बघा. जवळचा दवाखाना कुठं आहे, तेही विचारून ठेवा.

सगळी भावकी एकाच टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून नेऊ नका. मालवाहू गाडीतून माणसं नेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळतानाही अडचण येते. गाडी उन्हात उभी असताना लहान मुलाला आत झोपवून जाऊ नका. काचा थोड्या खाली असल्या तरी गाडी काही मिनिटांत तापते.

सगळ्यात मोठा धोका पाण्याचा

- शेततळं: प्लॅस्टिकचं अस्तर ओलं झालं की निसरडं होतं आणि काठ उतरता असतो. पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. स्वतःचं शेततळं असेल तर कुंपण घाला. गाठी मारलेला जाड दोर काठाला पक्का बांधून पाण्यात सोडून ठेवा. हवा भरलेली जुनी ट्यूबही जवळ असू द्या.
- कालवा: उन्हाळी आवर्तन सुटलेलं असेल तर पाण्याला ओढ असते. सिमेंटच्या काठाला धरायला काही नसतं. हातपाय धुवायलाही मुलांना उतरू देऊ नका.
- नदी: वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं.
- धरण: पाणी ओसरलेल्या काठावर गाळ असतो. त्यात पाय रुतला की निघत नाही.

मुलं पाण्याजवळ असतील तर एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडेच बघायचं. हातात मोबाइल नको, गप्पा नकोत. दर अर्ध्या तासाने माणूस बदला. 'सगळे आहेत की लक्ष द्यायला' असं म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं. दारू पिऊन तर पाण्यात उतरूच नका.

कुणी बुडत असेल तर

मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवताना दुसरा, तिसरा जातो, असं अनेकदा घडतं. दोर, साडी, लांब काठी किंवा बंद रिकामा कॅन त्याच्याकडे टाका आणि आरडाओरडा करून मदत बोलवा.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं किंवा पोट दाबून पाणी काढणं चुकीचं आहे. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. श्वास चालू नसेल तर पाठीवर झोपवा, नाक बंद करून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोरात 30 वेळा दाबा. हा क्रम 108 ची गाडी येईपर्यंत थांबवू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच.

डब्यात काय न्यावं

उन्हात शिजलेलं अन्न लवकर बिघडतं. वास आला नाही तरी ते बाधू शकतं.

- टिकणारं: दशम्या, धपाटे, थालीपीठ, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, चिवडा, केळी. काकडी आणि कलिंगड अख्खंच न्या, खाताना कापा.
- टाळा: रात्रीचा भात, बटाट्याची ओली भाजी, पनीर, बासुंदी, ओल्या खोबऱ्याची चटणी.

पोळ्या गरम असताना डबा बंद करू नका, वाफेने त्या लवकर खराब होतात. तिथंच चूल मांडून स्वयंपाक केला तर शिजल्यावर तासाभरात जेवून घ्या. उरलेलं संध्याकाळी घरी आणून खाऊ नका.

पिण्याचं पाणी घरूनच कॅनमध्ये भरून न्या आणि तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पीत राहा. ताक, पन्हं, लिंबू-सरबत चांगलं. रस्त्यावरचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा.

ऊन लागलं तर

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ सुरू झाली की लगेच सावलीत न्या आणि पाणी द्या. अंग भट्टीसारखं तापलं, माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मान, काख, जांघेत ओले फडके ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजावरही विसंबू नका. टोपी, उपरणं आणि पाणी हाच खरा उपाय.

मोहोळ, साप-विंचू आणि वळीव

झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथं चूल पेटवू नका. मुलांना दगड मारू देऊ नका. मधमाश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळा.

साप चावला तर चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिक, यात वेळ घालवू नका. चावलेला भाग न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा. विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे यावर प्रभावी औषधोपचार मिळाला. पण तो वेळेत मिळायला हवा.

दुपारनंतर ढग भरून आले तर झाडाखाली थांबू नका. पाण्यात असाल तर बाहेर या. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. ते आधीच घेऊन ठेवा.

निघण्याआधी एकदा बघा

पाण्याचा कॅन, ओआरएस, टोप्या, लांब दोर, बॅटरी, मलमपट्टी, घरातल्यांची रोजची औषधं, चार्ज केलेला मोबाइल. कुठं चाललो आणि कधी येणार, ते शेजाऱ्यांना सांगा. परत गाडीत बसताना मुलं नावानिशी मोजा.

हे नंबर मोबाइलमध्ये ठेवा: रुग्णवाहिका 108, पोलीस व इतर तातडीची मदत 112, राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाल्यास 1033.