बिदरचा दवाखाना आणि हाडांचे निरोप

गोव्याचा कारभार कधीकाळी बिदरहून चालत असे, हे आपल्याकडे फारसे कुणाला आठवत नाही. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ साली विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला आणि पुढची काही वर्षे आपण बिदरच्या सुलतानाची प्रजा होतो. आजही गोव्यातून गाणगापूरला जाणारे भाविक कमी नाहीत. पण कलबुर्गीहून शंभरेक किलोमीटर पुढे, बिदरपर्यंत वाट वाकडी करणारे विरळाच. जे जातात ते गवानचा मदरसा पाहून परततात. मला मात्र मदरशाच्याही आधीची एक वास्तू खुणावते. ती म्हणजे बिदरचा दवाखाना.

दुसरा अलाउद्दीन अहमदशाह (राज्यकाळ १४३६-१४५८) याने बिदरात रुग्णालय बांधले, त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि तिथे मुसलमान हकीम व हिंदू वैद्य असे दोघेही नेमले, असे फिरिश्ता सांगतो. फिरिश्ता विजापुरात बसून दीडएकशे वर्षांनी लिहीत होता आणि सुलतानांचे कौतुक करताना त्याचा हात सैल सुटतो, हे खरे. तरीही दोन शास्त्रे एका छपराखाली आणण्याची ही कल्पनाच मला मोठी वाटते. घोडे आणि तलवारी यांचा तो काळ. मोडलेली हाडे तिथे काही कमी आली नसतील.

आणि गंमत अशी की, मोडलेल्या हाडाच्या बाबतीत या दोन शास्त्रांचे चांगलेच जमते. सुश्रुताने चिकित्सास्थानात वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू खपच्यांसाठी सांगितले आहेत. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू होतो, असेही तो बजावतो. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, हा त्याचा नियम. तिकडे इब्न सिना सांगतो की खपच्यांची घाई करू नये, पाचेक दिवस जाऊ द्यावेत. दोघांनाही सुजेचे भय होते. ते भय अनुभवातून आले होते. त्यामागचे कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

हाड मोडते तेव्हा आतल्या रक्तवाहिन्याही फाटतात आणि फटीत रक्ताची गाठ साकळते. पूर्वी या गाठीला कचरा समजत. प्रत्यक्षात ती टपालकचेरी आहे! गाठीतल्या रक्तबिंबिका काही प्रथिने सोडतात आणि आसपासच्या पेशींना ‘इकडे या’ असा निरोप जातो. पांढऱ्या पेशी येतात, त्या इंटरल्युकिनसारखे आणखी निरोप धाडतात. पहिल्या दिवसांतली सूज ही त्याच धावपळीची खूण. व्हीईजीएफ नावाचा रेणू नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतो. मग हाडावरच्या पातळ आवरणातल्या आणि मज्जेतल्या मूळ पेशींना ‘तुम्ही आता कूर्चा व्हा, हाड व्हा’ असे सांगणारे रेणू कामाला लागतात. दोनतीन आठवड्यांत मऊ सांधा धरतो, पुढे तो टणक होतो आणि त्याला मूळ आकार यायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात.

हे सारे निरोप्ये आणि त्यांचे ऐकणाऱ्या पेशी रक्ताच्या वाटेने येतात. वाटच आवळली तर निरोप पोचायचा कसा? करकचून बांधलेल्या पट्टीने स्नायू मरतात आणि बोटे कायमची वाकडी होतात, हे जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ साली नोंदवले. त्या विकृतीला आजही त्यांचेच नाव आहे. आमच्या वाड्यावर असा एक हात मी लहानपणापासून पाहिला आहे. जांभळीवरून पडलेला मुलगा, कुणीशी बांधलेली पट्टी, ‘दुखणारच, सोडू नका’ हा सल्ला. हाड जुळले. पण मूठ पुन्हा उघडली नाही.

‘हाड व्हा’ म्हणणारा रेणू सापडला त्याची कथा थोडक्यात सांगतो. लॉस एंजेलिसचे मार्शल युरिस्ट यांनी हाडातले क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. काही आठवड्यांत त्या मांसात नवे हाड तयार झाले. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले. या कर्त्या प्रथिनाला पुढे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, म्हणजेच बीएमपी, हे नाव मिळाले. १९८८ मध्ये त्याची जनुके हाती लागली, २००२ मध्ये ते अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी आणि २००४ मध्ये नडगीच्या उघड्या अस्थिभंगासाठी मंजूर झाले. मग बाजार मागे लागला. मानेत वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज येते, असा इशारा २००८ मध्ये अमेरिकी सरकारलाच द्यावा लागला. निरोप बरोबर, पण तो नको तिथे आणि भलत्या मोठ्या आवाजात दिलेला. सुश्रुताच्या घट्ट पट्टीची मला इथे आठवण होते.

भालकी, औराद, आळंद या पट्ट्यात मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदतात. एकाच चौकोनी दांड्याच्या वेलीला मराठी घरात कांडवेल म्हणतात, कन्नड घरात मंगरबळ्ळी. हाड मोडले की तिचा लेप ही जुनी रीत. मूळचे दक्षिण कर्नाटक किनाऱ्याकडचे डॉ. के. एन. उडुपा आणि त्यांचे सहकारी जी. सी. प्रसाद यांनी बनारसला १९६३-६४ च्या सुमारास या वेलीवर प्राण्यांत प्रयोग केले, किरणोत्सारी कॅल्शियमचा माग काढला, आणि हाड लवकर भरते असे त्यांना आढळले. युरिस्टच्या शोधनिबंधाच्या अगदी आगेमागेची ही गोष्ट, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत ती मला कधी भेटली नाही. अर्थात प्राण्यांवरचे प्रयोग म्हणजे माणसांवरचा पुरावा नव्हे.

स्वस्त, जवळचा आणि कापाकापी न करणारा म्हणून गरीब माणूस हाडवैद्याकडे जातो, त्याला हसण्यात अर्थ नाही. माझे भांडण लेपाशी नाही, त्यावरच्या दोरीशी आहे. बोटे गार पडली, काळीनिळी झाली, बधिर झाली किंवा सरळ करताना असह्य कळ आली, तर ती दोरी त्याच रात्री सोडायची आणि मोठा दवाखाना गाठायचा. सकाळपर्यंत थांबायला स्नायूंपाशी तेवढे तास नसतात.