स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर : फरक काय?

घरातील वृद्ध व्यक्ती एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारू लागली, की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून तिकडे दुर्लक्ष केले जाते. डॉक्टरांकडे नेलेच, तर 'डिमेन्शिया' आणि 'अल्झायमर' हे शब्द समानार्थी समजले जातात. वस्तुत: त्यांत महत्त्वाचा फरक आहे.

डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश, हा एकच एक आजार नसून लक्षणांचा समूह आहे. स्मरणशक्ती, भाषा, विचार व निर्णयक्षमता यांचा इतका ऱ्हास होतो, की दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करता येत नाहीत. तापाची कारणे जशी अनेक, तशीच स्मृतिभ्रंशाचीही. अल्झायमर हे त्यातील प्रमुख कारण असून, सुमारे ६० ते ७० टक्के रुग्णांत ते आढळते.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराचे प्रथम वर्णन केले. यात मेंदूतील पेशींबाहेर अमायलॉइड, तर पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचा अनिष्ट साठा होतो. बहुधा नुकत्याच घडलेल्या गोष्टींच्या विस्मरणाने सुरुवात होते आणि आजार संथपणे वाढतो.

इतर प्रकारांची लक्षणे वेगळी असतात. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याने होणारा स्मृतिभ्रंश अनेकदा टप्प्याटप्प्याने वाढतो. उच्च रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. 'ल्युई बॉडी' प्रकारात समोर नसलेली माणसे दिसतात, हालचाली मंदावतात. 'फ्रंटोटेम्पोरल' प्रकारात बहुधा स्मृतीआधी स्वभाव किंवा भाषा बदलते. एकाच रुग्णात दोन प्रकारही असू शकतात.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम किंवा डोक्याला मार लागून कवटीत साचलेले रक्त, यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात. वेळीच उपचार झाल्यास त्यात सुधारणा होऊ शकते. म्हणूनच स्मरणशक्तीच्या चाचण्यांबरोबर रक्ततपासणी आणि मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय केला जातो. काही तासांत वा दिवसांत अचानक भ्रमिष्टपणा आल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.

अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. डोनेपेझिलसारख्या औषधांनी लक्षणांना काहीसा आळा बसतो. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब प्रारंभिक अवस्थेत आजाराची गती काही प्रमाणात कमी करते. त्यामुळे 'स्मृतिभ्रंश आहे' एवढ्यावर न थांबता 'तो कशामुळे?' हा प्रश्न नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावा.