प्रॉकमेल

यूनिक्स व तत्सम प्रणालींच्या संगणकांवर येणाऱ्या ई-मेलची वर्गवारी करणारी एक आज्ञावली. स्टीफन व्हान डेन बेर्ख यांनी ती १९९० मध्ये तयार केली. पाइन (१९८९) व मट (१९९५) हे केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारे टपालवाचक वापरणाऱ्यांत ती विशेष रूढ झाली. पत्र दाखविणे हे टपालवाचकाचे काम. आलेले पत्र कोणत्या पेटीत पडावे, हे प्रॉकमेल त्यापूर्वीच ठरवून टाकते. या कार्यविभागणीमुळे सोय झाली खरी. परंतु पत्र हरवल्यास दोष कोणाचा, हे उमगणेही तीमुळेच कठीण झाले.

प्रॉकमेलचे नियम वापरणाऱ्याच्या एका फाइलीत असतात. प्रत्येक नियम कोलन व शून्य यांनी सुरू होतो; पुढे तारांकित अटी व अखेरीस कृती येते. अटी जुळून पत्र पेटीत पडले, की पुढील नियम पाहिलेच जात नाहीत. त्यामुळे व्यापक नियम आधी लिहिल्यास नंतरचे नेमके नियम निष्फळ ठरतात. शून्यापुढचे दुसरे कोलन हे पेटीच्या कुलपाचे चिन्ह होय. ते राहून गेले आणि दोन पत्रे एकाच क्षणी आली, तर त्यांचा मजकूर परस्परांत मिसळतो. कारण जुन्या एम्बॉक्स पद्धतीत पेटी म्हणजे एकच सलग फाइल असते. प्रत्येक पत्रास स्वतंत्र फाइल देणाऱ्या मेलडिर पद्धतीत ही भीती नाही.

नियमफाइलीत इतरांनाही लिहिण्याची मुभा असेल, तर प्रॉकमेल ती संशयास्पद मानून वाचतच नाही. उलट, पत्र योग्य पेटीत पडूनही मटला त्या पेटीचे नाव सांगितलेले नसल्यास नवे टपाल आल्याची सूचना मिळत नाही. नोंदफाइल चालू केली, की कोणते पत्र कोठे गेले ते कळते. पण ही सोय बहुधा पत्र हरवल्यानंतरच आठवते. नकोशी पत्रे परस्पर नष्ट करणारा नियम तर काही दिवस वेगळ्या पेटीवर पारखूनच घ्यावा, कारण तेथे चुकीला दुरुस्ती नाही.

२००१ मधील ३.२२ या आवृत्तीनंतर प्रॉकमेलची वाढ दीर्घकाळ थांबली. तिची अनेक वर्षे देखभाल केलेल्या फिलिप ग्युंथर यांनीच २०१४ मध्ये ती असुरक्षित ठरवून ओपनबीएसडीतून काढून टाकण्याची शिफारस केली. २०२० मध्ये मूळ लेखकाने देखभाल पुन्हा हाती घेतली. दरम्यान, २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या सीव्ह या नियमभाषेकडे अनेकजण वळले होते. तिच्या मूळ रचनेत बाहेरील आज्ञावली चालविण्याची मुभा हेतुपुरस्सर ठेवलेली नाही.