मोत्याचं कॅल्शियम आणि शंभर वर्षं जुना प्रश्न

आजचा एपिसोड माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो.

आमचा लॅब्राडोर, मोत्या, घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. मी पडलो इंजिनियर, रिसर्च तर करणारच! रात्री जागून व्हिडिओ बघितले आणि आठवड्याभरात कॅल्शियमचं सिरप, मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, कॉड लिव्हर ऑइल, सगळं घरात हजर. चांगलं पपी फूड चालू होतंच. दोनेक महिन्यांनी त्याचे पुढचे पाय किंचित वाकडे दिसायला लागले. मी काय केलं? सिरपचा डोस वाढवला. शेवटी व्हेट मॅडमकडे नेलं. त्यांनी बाटल्या बघितल्या आणि एकच विचारलं, "याच्या जेवणात नेमकं काय कमी आहे म्हणून हे देताय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी विचारला होता, आणि उत्तरं त्यांना कुत्र्यांनीच मिळवून दिली होती.

चला, लंडनला जाऊ. साल १९१८-१९. ब्रिटनच्या शहरांत तेव्हा लहान मुलांना मुडदूस सर्रास व्हायचा. हाडं मऊ पडायची, पाय धनुष्यासारखे वाकायचे. कारणावर एकमत नव्हतं. एडवर्ड मेलनबी नावाच्या डॉक्टरांनी कुत्र्याची पिल्लं बंद जागेत ठेवली आणि त्यांना ओटच्या लापशीसारखं साधं खाणं दिलं. पिल्लांना मुडदूस झाला. कॉड लिव्हर ऑइल दिलं की तो टळायचा. मेलनबींना वाटलं, ही व्हिटॅमिन एची कमाल. पण १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी तेलातलं ए नष्ट करून बघितलं. तरी ते मुडदुसावर काम करतच होतं! म्हणजे तेलात आणखी काहीतरी होतं. त्याला नाव मिळालं व्हिटॅमिन डी.

यात एक गंमत आहे. आपल्याला उन्हातून डी मिळतं, पण कुत्र्यांच्या कातडीत ते पुरेसं तयारच होत नाही. त्यांना ते खाण्यातूनच लागतं. त्यामुळे "रोज उन्हात बसवतो की" हा हिशोब कुत्र्याला लागू नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या दक्षिण भागातली. मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा व्हायचा. अंगावर चट्टे, जुलाब, भ्रम आणि मग मृत्यू. बरेच डॉक्टर म्हणत, हा संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर म्हणाले, नाही, ताटात काहीतरी कमी आहे. तसंच खाणं मिळालेल्या कुत्र्यांना 'ब्लॅक टंग' हा आजार व्हायचा, म्हणजे तोंड सडायचं आणि जीभ काळी पडायची. गोल्डबर्गर १९२९ मध्ये गेले. नेमकं काय कमी आहे, ते १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांना सापडलं. निकोटिनिक ॲसिड, आजचं बी-३. ते दिल्यावर आजारी कुत्री बरी झाली आणि लवकरच माणसंही.

आता तुम्ही म्हणाल, मग सप्लिमेंट चांगलंच की! थांबा. मोत्याची गोष्ट इथे येते.

१९८५ मध्ये नेदरलँड्समधल्या हर्मन हॅझविंकल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांना जास्त कॅल्शियम देऊन काय झालं, ते प्रसिद्ध केलं. हाडं मजबूत झाली नाहीत, उलट त्यांची वाढच बिघडली. कारण लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. येईल तेवढं बरंचसं शोषलं जातं. मोठ्या जातीच्या पिल्लांना याचा धोका जास्त.

म्हणजे बघा, मेलनबींच्या पिल्लांना जे तेल वाचवत होतं, तेच मोत्याला मी विनाकारण देत होतो. मेलनबींच्या पिल्लांच्या ताटात कमतरता होती. मोत्याच्या नव्हती.

मग निवडायचं कसं?

पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलेलं आणि वयाप्रमाणे योग्य खाणं देत असाल, तर वरून कॅल्शियम आणि डी आपल्या मनाने नको. सी तर निरोगी कुत्रा स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतो.

घरचं जेवण देत असाल तर गोष्ट उलटी. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० रेसिपी तपासल्या. ९५ टक्के रेसिपींमध्ये एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. आपला चिकन-भात घ्या, बिनहाडाच्या चिकनमध्ये कॅल्शियम अगदीच कमी. इथे सप्लिमेंट खरंच लागतं, पण ग्रॅममध्ये मोजून, व्हेटकडून ठरवून.

आणि आपल्या औषधाच्या डब्यातलं काही देऊ नका. आई-बाबा आठवड्याला एक घेतात ती ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची गोळी लहान कुत्र्याला विषबाधा करू शकते. चुकून खाल्ली तर लक्षणांची वाट न बघता लगेच व्हेटला फोन करा.

मोत्या आता तीन वर्षांचा आहे. पाय बरेच सुधारले. सिरप बंद केल्यामुळेच, असं छातीठोकपणे नाही सांगणार, वाढत्या पिल्लांचे पाय बदलतातही. पण डोस वाढवतानाचा माझा तो आत्मविश्वास आठवला की अजून लाज वाटते. त्याला तर बिचाऱ्याला नको म्हणता येत नव्हतं. चमचा पुढे केला की शेपूट हलवत चाटून टाकायचा.

म्हणून पुढची बाटली कार्टमध्ये टाकण्याआधी तेवढा एक प्रश्न विचारा: याच्या ताटात नेमकं काय कमी आहे? भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या मोत्याला माझ्याकडून एक थाप!