भुतांच्या गोष्टींचे गुरुजी

दिवाळीच्या दिवसांत, अंगणात पणत्या तेवत असताना भुताखेतांचा विषय काढला म्हणून काही वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील. पण त्यांनी जरा आपले लहानपण आठवून पाहावे. घर माणसांनी भरलेले आहे, फराळाची ताटे नुकतीच उचलली गेली आहेत, चार भावंडे एकाच रजईत पाय खुपसून बसली आहेत. अशा वेळी 'आजी, ती पिंपळावरच्या मुंजाची सांग ना!' अशी फर्माईश कुठल्या घरात झाली नसेल? भुताची गोष्ट ऐकायची ती घर भरलेले असतानाच. एकट्यादुकट्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

विलायतेतही हीच रीत. तिकडे नाताळच्या कडाक्याच्या थंडीत शेगडीभोवती बसून भुतांच्या गोष्टी सांगण्याची चाल जुनी आहे. चार्ल्स डिकन्सने १८४३ साली नाताळासाठी जी सुप्रसिद्ध कथा लिहिली, ती भुतांचीच. पुढे आपल्या नियतकालिकांच्या नाताळ अंकांतून त्याने हा पायंडा अधिक पक्का केला. रेल्वेच्या एका एकाकी सिग्नलवाल्याची त्याची भयकथा १८६६ सालच्या अशाच अंकातली. अशा विलायती नाताळ अंकांचा कित्ता पुढे ठेवून काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि आपल्याकडची परंपरा सुरू झाली. तेव्हा नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा दिवाळी अंकात वाचताना ज्यांच्या अंगावर काटा आला, त्यांनी तो सणाचाच एक भाग समजावा.

माझा या विषयाशी संबंध आला तो मात्र मास्तरकीमुळे. मी काही वर्षे शाळेत मराठी शिकवीत असे. एकदा नववीच्या वर्गाला मी 'एक भयकथा' लिहून आणायला सांगितली. चाळीस वह्या जमा झाल्या. चाळिसांतही अमावास्येची रात्र होती, पडका वाडा होता, घुबड होते आणि उलट्या पावलांची हडळ होती. एका पठ्ठ्याने तर पहिल्याच वाक्यात सात भुते आणली आणि पुढे त्यांचे काय करावे हे न सुचल्यामुळे कोंबडा आरवून गोष्ट संपविली! रात्री एकटा बसून मी त्या वह्या तपासल्या. भीती म्हणून कशी ती वाटली नाही. फक्त जांभया आल्या. मग मनात आले, 'लिहा' म्हणून सांगणे सोपे. पण कसे लिहावे हे मी तरी त्यांना कुठे शिकविले होते? मलाच ते ठाऊक नव्हते. या शोधात असताना माझी एका जुन्या गुरुजींशी, अर्थात पुस्तकांतून, ओळख झाली. त्यांचीच हकीगत आज सांगावयाची आहे.

त्यांचे नाव माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स. जन्म १ ऑगस्ट १८६२. वडील धर्मोपदेशक. सफोक परगण्यातील ग्रेट लिव्हरमिअर नावाच्या खेड्यात, गर्द झाडीने वेढलेल्या घरात त्यांचे बालपण गेले. ईटनची शाळा आणि केंब्रिजचे किंग्ज कॉलेज या दोन संस्थांच्या आवारातच पुढचे सारे आयुष्य. लग्न केले नाही. जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासात त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळी इंग्लंडात विरळा. केंब्रिजच्या कॉलेजांतून पडून असलेल्या मध्ययुगीन पोथ्यांच्या वर्णनात्मक सूची त्यांनी एकेक करून तयार केल्या, आणि त्या अभ्यासकांना अजून उपयोगी पडतात. १९०५ साली ते किंग्ज कॉलेजचे प्रोव्होस्ट, म्हणजे मुख्य झाले. १९१३ ते १९१५ विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९१८ पासून अखेरपर्यंत ईटनचे प्रोव्होस्ट. असा हा भारदस्त पंडित. आणि त्याचे नाव घरोघर झाले ते भुतांमुळे!

२८ ऑक्टोबर १८९३ रोजी केंब्रिजच्या 'चिटचॅट' नावाच्या एका छोट्या मंडळात या एकतीस वर्षांच्या विद्वानाने स्वतः लिहिलेल्या दोन भुतांच्या गोष्टी वाचून दाखविल्या. त्यांपैकी एकीत फ्रान्समधल्या एका जुन्या देवळाच्या गावी एक संशोधक जुन्या पानांचा एक ग्रंथ विकत घेतो, आणि ग्रंथाबरोबर भलतेच काहीतरी त्याच्या पदरात पडते. मंडळींना गोष्टी आवडल्या, आणि मग दर नाताळात जेम्स यांच्या खोलीत अशी बैठक भरू लागली. मित्र आणि विद्यार्थी जमत. जेम्स आतल्या खोलीत गोष्ट पुरी करीत असत. कधी कधी तर अगदी शेवटच्या घटकेपर्यंत लेखन चाले. मग कागद हातात घेऊन ते बाहेर येत, एक मेणबत्ती ठेवून बाकीच्या फुंकून टाकीत आणि तिच्या उजेडात वाचायला बसत. आपल्या कीर्तनकारासारखा अभिनय नाही की हातवारे नाहीत. शांत, सरळ वाचन.

आता या गोष्टींची करामत कशात होती? जेम्स यांनी भयकथा शिकविण्याचा वर्ग कधी काढला नाही. पण १९११ साली एका संग्रहाच्या प्रस्तावनेत, नंतर १९२४ साली दुसऱ्याच एका कथासंग्रहाच्या प्रास्ताविकात आणि १९२९ साली एका मासिकातील लेखात त्यांनी आपले आडाखे मोकळेपणाने सांगून टाकले आहेत. मास्तरांच्या दृष्टीने ही मोठीच ठेव होय. ते म्हणतात त्याचा मथितार्थ असा. गोष्ट ओळखीच्या ठिकाणी घडावी आणि माणसे रोजच्या व्यवहारात भेटतात तशी असावीत. काळ फार जुना नको; थोडासा मागचा, धूसर असावा. सुरुवातीला माणसांना आपापली कामे निवांतपणे करू द्यावीत. मग त्या स्वस्थतेत अमंगळ गोष्टीने हळूच डोके वर काढावे. पुन्हा एकदा, जरा अधिक ठळकपणे. आणि असे चढत चढत अखेरीस तिने सारी जागा व्यापून टाकावी. 'हा भासही असेल' असे म्हणायला एखादी फट ठेवावी, पण तीतून धड बाहेर पडता येऊ नये. भूत दुष्टच असावे. आणि रक्तमांसाचा सडा घालू नये. लेखकाने संयम पाळावा.

नियम वाचून समजत नाहीत, ते चालताना पाहावे लागतात. म्हणून एक उदाहरण देतो. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावी एका खाणावळीत एक अभ्यासक उतरतो. त्याची खोली बारा नंबरची, तिला तीन खिडक्या. रात्री परत येऊन पाहतो, तर खोली जरा आखूड वाटते आणि त्याची प्रवासी पेटी जागेवर नसते. सकाळी पेटी जिथल्या तिथे! रात्री खिडक्या दोनच, दिवसा तीन. शेजारी रात्रीपुरती एक तेरा नंबरची खोली उगवते आणि ती बाराची थोडी जागा गिळते, हा उलगडा वाचकाला व्हायला लागतो तेव्हा त्याच्या पाठीतून शिरशिरी जाते. भूत अजून आलेलेच नाही. नुसती एक पेटी हरवली आहे. माझ्या विद्यार्थ्याने सात भुते खर्च करून जे साधले नाही, ते येथे एका पेटीने साधले. दुसऱ्या एका गोष्टीत समुद्रकाठच्या खोलीतल्या रिकाम्या खाटेवरची चादर उठून उभी राहते. चादर कुणाच्या घरी नाही?

या गोष्टींचा पहिला संग्रह १९०४ साली निघाला, त्यामागे मात्र एक दुःखाची कथा आहे. किंग्ज कॉलेजात जेम्स मॅकब्राइड नावाचा विद्यार्थी होता. पुढे तो चित्रकला शिकला. गुरू-शिष्याचे नाते मैत्रीत मुरले होते. डेन्मार्क-स्वीडनच्या सफरी त्यांनी बरोबर केल्या, व्हिबोर्गची गोष्ट त्यांतूनच सुचली. संग्रहाला चित्रे मॅकब्राइडने काढावयाची असे ठरले. चार चित्रे पुरी झाली, आणि जून १९०४ मध्ये आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर तो तरुण वारला. प्रकाशकाने दुसरा चित्रकार सुचविला. जेम्स यांनी ठाम नकार दिला. पुस्तक त्या चार चित्रांनिशीच निघाले. मॅकब्राइडची मुलगी त्याच्या मृत्यूनंतर जन्मली. जेम्स तिचे पालक झाले. तिच्या आईला त्यांनी आयुष्यभर पत्रे लिहिली, ती १९५६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. भुतांच्या गोष्टी सांगणारा माणूस जित्याजागत्या माणसांना किती जपत होता, हे यावरून कळावे.

पुढे १९१४ चे महायुद्ध आले. खोल्या ओस पडल्या. ज्या वयाच्या मुलांसाठी मेणबत्त्या विझत असत, त्या वयाची मुले फ्रान्सच्या खंदकांत गेली. किंग्ज कॉलेजचा फेलो, कवी रूपर्ट ब्रूक, १९१५ च्या एप्रिलात ग्रीसजवळ जहाजावर वारला. ईटनचे अकराशेंहून अधिक माजी विद्यार्थी त्या युद्धात कामी आले, आणि अशा शाळेचे प्रमुखपद जेम्स यांनी १९१८ साली स्वीकारले. खरे भय घराघरांत तारेच्या रूपाने येऊन गेले होते. अशा वेळी एखाद्याने भुतांच्या गोष्टींचा नाद सोडला असता. जेम्स यांनी तो सोडला नाही. १९२७ च्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर ईटनच्या बालवीरांचा तळ पडला होता, तेथे शेकोटीजवळ पासष्टीला टेकलेल्या या म्हाताऱ्याने खास त्या मुलांसाठी लिहिलेली गोष्ट वाचली. ती होती बालवीरांच्याच तळाची, आणि जवळच्या एका वर्ज्य शेतातील विहिरीची! त्या रात्री काही मुलांना धड झोप लागली नाही म्हणतात. पण सकाळी सगळी मुले तंबूतून बाहेर आली, न्याहारीला बसली. असे भय मुलांना द्यायला हरकत नाही, असेच त्या वृद्धाला वाटत असावे.

त्यांचा कित्ता अनेकांनी गिरविला. किंग्ज कॉलेजचे एक धर्मोपदेशक ई. जी. स्वेन यांनी १९१२ साली आपला कथासंग्रह काढला. त्याच कॉलेजात शिकलेले ए. एन. एल. मन्बी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडले. आइश्टेटच्या कैदी छावणीत, सुटका कधी होईल याचा पत्ता नसताना, त्यांनी जेम्स यांच्या वळणावर भुतांच्या गोष्टी लिहिल्या. त्या १९४९ साली पुस्तकरूपाने आल्या, आणि मन्बी युद्धानंतर त्याच किंग्ज कॉलेजचे ग्रंथपाल झाले. तारेच्या कुंपणाआड बसून एखादा माणूस जुनी देवळे, ग्रंथालये आणि त्यांतली भुते आठवत बसतो, तेव्हा त्याला त्या भुतांत घर दिसत असले पाहिजे.

जेम्स १२ जून १९३६ रोजी वारले. त्यांची शेवटची गोष्ट त्याच वर्षी, मृत्यूनंतर छापून आली. तिच्यात पोथ्या नाहीत की दूरचा देश नाही. बालपणीच्या घराजवळच्या झाडीत एक फाटक आहे, फाटकाला एक चौकोनी भोक आहे आणि त्या भोकातून एक चेहरा पाहतो आहे. एवढेच. साऱ्या आयुष्याचा प्रवास करून हा पंडित आपल्याच घराच्या फाटकाशी येऊन थांबला.

असो. मी माझ्या वर्गाकडे येतो. पुढल्या वर्षी मी मुलांना सांगितले, 'अमावास्या नको, पडका वाडा नको, हडळ तर मुळीच नको. घर तुमचे घ्या, वेळ रोजची घ्या. फक्त एकच वस्तू जागची हलवा.' वह्या आल्या. बऱ्याच साधारण होत्या. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका अबोल मुलाने दीड पान लिहिले होते. वडील गेल्यावर आईने त्यांच्या वहाणा कोनाड्यात ठेवून दिल्या. आठ दिवसांनी संध्याकाळी सातच्या सुमारास त्या उंबऱ्याशी दिसल्या. आईला वाटले, धाकट्याने काढल्या असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना ताजा चिखल लागलेला होता, आणि पाऊस तर पडला नव्हता. शेवटचे वाक्य एवढेच, की आईने त्या दिवसापासून सातला एक पान जास्त वाढायला सुरुवात केली.

त्या मुलाचे वडील आदल्या वर्षी खरोखरच वारले होते, हे मला नंतर कळले. वही तपासताना माझ्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांतही पाणी आले. जेम्स यांचा एक नियम त्याने साफ मोडला होता. त्याचे भूत दुष्ट नव्हते. लाल पेन्सिल हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मग वही तशीच मिटली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात, त्याला विचारून, ती गोष्ट मोठ्याने वाचून दाखविली.