गृहतापन, भूऔष्णिक

भूपृष्ठाखालील उष्णतेने राहत्या घरांस ऊब पुरविण्याची पद्धती. तिचे दोन भिन्न प्रकार आहेत. पहिल्यात निसर्गतः तप्त असलेले पाणी घरोघर खेळविले जाते. फ्रान्समधील शोद-झेग या गावी ८२° से. तापमानाच्या झऱ्यावर चौदाव्या शतकापासून घरे उबदार राखली जातात. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे १९३० साली एका शाळेपासून व थोड्या घरांपासून आरंभ झालेल्या योजनेचे लोण देशभर पोहोचून आज तेथील दहांपैकी सुमारे नऊ घरे भूगर्भाच्या उष्णतेवर तापतात. कोकणातील वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे येथील उन्हाळे (उष्ण पाण्याचे झरे) याच जातीचे. परंतु तेथील घरांस कृत्रिम उबेची गरजच नसल्याने त्यांचा उपयोग मुख्यत्वे स्नानापुरता राहिला आहे. जेथे तप्त पाणी आणि कडक हिवाळा एकत्र नांदतात, तेथे लाभहानीचा वाद फारसा उरत नाही. वाद आहे तो दुसऱ्या प्रकाराविषयी.

या प्रकारात तप्त झऱ्याची आवश्यकता नसते. सुमारे १५ मीटरांखाली भूमीचे तापमान ऋतूंप्रमाणे न बदलता त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिर राहते, त्यामुळे मध्य युरोपात अंगणात हिम साचलेले असताही जमिनीच्या पोटात १०° से.च्या आसपास उष्णता असते. विंधनात सोडलेल्या पॉलिएथिलिनच्या नळीतून गोठणरोधक द्रव फिरवून ही मंद उष्णता वर आणावयाची आणि उष्णता पंपाच्या योगे तिचे तापमान वाढवून ती घरात द्यावयाची, अशी ही योजना आहे. पंपाचे तत्त्व लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये मांडले. जमिनीतील उष्णतेसाठी त्याचा उपयोग करण्याचे एकस्व हाइनरिख त्स्योली या स्विस अभियंत्याने १९१२ मध्ये घेतले.

जमाखर्चाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ऐन थंडीत १० किलोवॉट उष्णता लागणाऱ्या घरात यंत्राचा कार्यगुणांक (मिळणारी उष्णता व खर्ची पडणारी वीज यांचे गुणोत्तर) ४ असेल, तर २.५ किलोवॉट वीज खर्ची पडून उरलेली ७.५ किलोवॉट उष्णता भूमीकडून मिळते. आणि मध्यम प्रतीच्या खडकातून विंधनाच्या दर मीटरास सुमारे ५० वॉट उष्णता निघते असे धरल्यास १५० मीटर खोल विंधन घ्यावे लागते. खर्चाचा मोठा भार या विंधनाचा असतो, आणि तो पहिल्याच दिवशी एकरकमी सोसावा लागतो, तर बचत मात्र हप्त्याहप्त्याने वर्षानुवर्षे हाती येते. म्हणून कर्जाचा व्याजदर हीदेखील या हिशेबातील मोठी बाब ठरते. यंत्र साधारणतः वीस वर्षे टिकते, जमिनीतील नळी पन्नास वर्षे वा अधिक. तेव्हा दुसऱ्या यंत्राच्या वेळी विंधनाचा खर्च पुन्हा पडत नाही, ही गोष्ट हिशेब मांडताना बहुधा विसरली जाते.

बचत किती होईल हे इंधनांच्या दरांवर अवलंबून असते. विजेचा दर नळाच्या वायूच्या तिप्पट असेल, तर ३ गुणांकाच्या यंत्राने इंधनखर्चात जवळजवळ काहीच वाचत नाही. याउलट तेलावर किंवा विजेच्या साध्या तापकावर चालणाऱ्या घरास लाभ निश्चित होतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर स्वीडनने या मार्गाची कास धरली, त्यामागे हाच हिशेब होता. गुणांकही स्थिर नसतो: फरशीखालील नळ्यांस ३५° से.चे पाणी पुरते, जुन्या रेडिएटरांस मात्र ६०° से.चे लागते, आणि तेवढ्या उंचीवर तापमान चढविताना यंत्राची कार्यक्षमता बरीच खालावते. धूर नाही, इंधनाचा साठा नाही आणि उन्हाळ्यात त्याच नळीतून गारवा मिळतो, हे लाभ पैशांत मोजणे कठीण असले तरी ते उपेक्षणीय नाहीत.

विंधन आखूड ठेवले अथवा शेजारशेजारची विंधने फार जवळ घेतली, तर भूमी वर्षागणिक थंड होत जाते आणि वीजखर्च वाढतो. याहून गंभीर धोका जर्मनीतील श्टाउफेन या जुन्या नगरात दिसून आला. २००७ मध्ये तेथील नगरभवनाच्या तापनासाठी घेतलेल्या विंधनांतून दाबाखालील भूजल ॲनहायड्राइटच्या थरात शिरले. पाणी शोषून त्या खनिजाचे जिप्सममध्ये रूपांतर झाले, ते फुगले, जमीन वर उचलली गेली आणि अडीचशेहून अधिक इमारतींस भेगा पडल्या. एका इमारतीच्या इंधनखर्चात काटकसर करावयास गेले आणि साऱ्या नगराच्या भिंती तडकल्या. या हानीचा आकडा कोणत्याही गृहस्थाच्या अंदाजपत्रकात नसतो, म्हणून भूस्तरांची तपासणी झाल्याविना विंधनास परवाना देणे सर्वथा गैर होय.

युरोप-अमेरिकेत घर बांधणाऱ्याने, आणि त्यांत आज मराठी कुटुंबेही आहेत, खर्चाचा क्रम पाळणे हिताचे आहे. प्रथम भिंती, छप्पर व खिडक्या उष्णतारोधक कराव्यात, कारण त्यायोगे घराची गरज १० किलोवॉटवरून ५ वर आली तर विंधनाची लांबीही निम्म्याने कमी होते. त्यानंतरही वायूचा दर स्वस्तच उरला, तर विंधनाचा आग्रह धरण्यास आर्थिक आधार नाही. नवे घर बांधावयाचे असेल किंवा जुने तेलावर चालत असेल, तर हा खर्च रास्त आहे आणि तो अवश्य करावा.