चितळ्यांच्या रिपोर्टरपासून मोबाइलवरच्या निकालापर्यंत

आपल्या इंदूरमधल्या जुन्या मराठी वकिलांची बैठकीची खोली आठवते? भिंतीला काचेची कपाटे आणि त्यांत ओळीने लावलेले जाड खंड. पुठ्ठ्यावर 'ए. आय. आर.' आणि खाली साल. ही तीन अक्षरे नागपूरहून आली, हे नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते.

इंग्रजी अमदानीत १८७५ च्या कायद्यानंतर सरकारमान्य 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' सुरू झाले. त्यांत कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि अलाहाबाद येथील उच्च न्यायालयांचे निवडक निकाल छापले जात. पण देशभरचे निकाल एके ठिकाणी मिळावेत, ही वकिलांची गरज होती. ती नागपूरच्या व्ही. व्ही. चितळे यांच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'ने भागवली. त्याच्या खंडांची साले १९१४ पासून मोजतात. मात्र असा संग्रह ठेवणे ऐपतीचे काम होते. ज्याचे कपाट मोठे, त्याचा युक्तिवाद भारी!

ही स्थिती आपल्या डोळ्यांदेखत बदलली. २००८ मध्ये 'इंडियन कानून' सुरू झाले आणि निकाल शब्दावरून शोधता येऊ लागले. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'ई-एससीआर' खुले केले. १९५० पासूनचे सुमारे ३४ हजार निकाल, तेही विनामूल्य! काही निकालांचे मराठी अनुवादही आता मिळतात. कायद्यांचा मूळ मजकूर 'इंडिया कोड'वर आहे.

पण सोय वाढली तशी जोखीमही वाढली. हे मी स्वतःच्या घरात शिकलो.

माझे आजोबा २००३ साली वारले. २०१७ मध्ये वडिलोपार्जित घराच्या वाटणीची बोलणी निघाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा 'प्रकाश विरुद्ध फुलवती' निकाल मीच छापून आत्यापुढे ठेवला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात नसतील, तर मुलीला मुलाइतका वाटा नाही, असा त्याचा अर्थ होता. आत्या काही बोलली नाही. नंतर दिवाळीला येणे मात्र तिने थांबवले.

२०२१ मध्ये कागदपत्रे करायची ठरली. मी तीच प्रत वकीलसाहेबांना दिली. त्यांनी एकच विचारले, "यानंतर काय झाले, ते पाहिलेत का?" ११ ऑगस्ट २०२० रोजी 'विनीता शर्मा' प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो जुना निकाल बाजूला सारला होता. मुलीचा हक्क जन्मानेच आहे. वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही.

मी आत्याकडे गेलो, चूक कबूल केली. तिचा बरोबरीचा वाटा कोर्टाची पायरी न चढता कागदावर आला.

म्हणून निकाल सापडला की थांबू नये. तो कोणत्या न्यायालयाचा, किती न्यायमूर्तींचा, आणि पुढे तो टिकला की रद्द झाला, हे पाहावे. शेवटी जाणत्या वकिलाला विचारावे. चितळ्यांचे कपाट आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पण पान उलटून पुढचे वाचण्याचे काम आपल्यालाच करायचे आहे.

यंदा गौरीला आत्या आमच्याकडे येणार आहे.